जुन्या टिग मशीनचं फूट पेडल दर पावसाळ्यात का बसतं, आणि नवं घेताना काय बघायचं

जुलैचा दुसरा आठवडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे देवगडात सगळ्या बोटी वर ओढलेल्या आणि वर्षभराची दुरुस्ती या दोन महिन्यांत आमच्या डोक्यावर. टेबलावर ३१६ स्टेनलेसचा पाइप, दीड मिलीमीटरची भिंत, बोटीच्या नाळेवरचं रेलिंग. टिगचा (टंगस्टनच्या सुईतून आर्क मारायचं वेल्डिंग) करंट कमी-जास्त करणारं पेडल अर्ध्यावर धरलंय, वितळलेल्या धातूचं डबकं छान चमकतंय, वायर थेंब थेंब जातेय, आणि पाय हललेला नसताना आर्क एकदम फुगली. पाइपला बोट जाईल एवढं भोक. बाजूला बसलेला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, चहाचा पेला खाली ठेवत म्हणाला, "तुझो पायडल ह्या पावसात पण बसलो?"

त्याचं खरं होतं. लागोपाठ तिसरा पावसाळा, आणि तिसरं पेडल.

माझं मशीन जुनं आहे. २०० अँपिअर, थायरिस्टरवालं, एसी-डीसी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वर्कशॉप बंद झालं तिथून टेम्पोत घालून फोंडा घाटाने खाली आणलं. मशीन दणकट, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्याचं मूळचं पेडल हरवलेलं, आणि समोर पाच पिनांचं रिमोटचं सॉकेट उघडं. म्हणून 'प्लग बसतोय ना' एवढंच बघून पेडलं घेत गेलो. सगळी गफलत तिथेच झाली. प्लग बसणं आणि पेडल जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला तीन पेडलांचे पैसे मोजावे लागले. ज्यांच्याकडे असंच जुनं धूड आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रिमोटच्या वायरीत असतं काय

बहुतेक मशीनमध्ये पेडलच्या आत दोनच वस्तू असतात. एक छोटा स्विच, पाय टेकला की 'टक' करून आर्क आणि गॅस चालू करणारा. आणि एक पॉट, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तसला व्हेरिएबल रेझिस्टर. स्विचच्या दोन वायरी, पॉटच्या तीन. पॉटच्या एका टोकाला मशीन स्वतःचं व्होल्टेज देतं, दुसरं टोक शून्याला असतं, आणि मधला सरकता पाय, ज्याला आपण वायपर म्हणतो, तो पेडल दाबाल तसा शून्यापासून वर सरकतो. वायपरवर किती व्होल्ट आले त्यावरून मशीन ठरवतं किती अँपिअर सोडायचे. वेल्डिंगचा करंट पेडलमधून जात नाही, जातो तो नुसता निरोप.

हे 'बहुतेक' मशीनचं झालं. अगदी जुनी, मॅग्नेटिक अँप्लिफायरवाली ट्रान्सफॉर्मर मशीनं असतात त्यांचं गणित निराळं. तिथे रिमोटचा रिओस्टॅट कंट्रोल वाइंडिंगचा खरा करंट वाहतो. समजा ५० ओमच्या रिओस्टॅटमधून अर्धा अँपिअर गेला, तर साडेबारा वॅटची उष्णता झाली. बाजारातल्या साध्या कार्बन पॉटची ताकद पाव ते अर्धा वॅट. असलं पेडल त्या मशीनला लावलंत तर पहिल्याच शिवणीला धूर निघेल. ओळखायचं कसं? मशीन बंद करून, प्लग काढून, पॅनेलचं झाकण उघडा आणि अँपिअरच्या नॉबमागे काय आहे ते बघा. चिनी मातीच्या कड्यावर तार गुंडाळलेला वाटीएवढा रिओस्टॅट दिसला तर तुमचं मशीन या जातीचं. त्याला तेवढ्याच वॅटचा, तारेचा रिओस्टॅट असलेलंच पेडल लागेल, आणि खालचं पॉटपुराण तुम्हाला लागू नाही. नॉबमागे अंगठ्याएवढा पत्र्याचा पॉट दिसला तर पुढे वाचा.

झाकण उघडलंच आहे तर त्या पॉटवर छापलेला आकडा वहीत लिहा. माझ्यावर '१० के' होतं, म्हणजे दहा हजार ओम. आकडा पुसला गेला असेल तर दोन्ही टोकांच्या वायरींपैकी एक सोडून मीटर लावा. मशीन नव्या धाटणीचं, हलकं इन्व्हर्टर असेल तर प्लग काढल्यावर लगेच हात घालू नका. मोठे कॅपॅसिटर काही मिनिटं भरलेले राहतात.

माझी तीन पेडलं

पहिलं आलं त्यात ४७ के चं पॉट. लावलं, चाललं. फक्त पेडल पाऊण दाबलं की पूर्ण करंट यायचा आणि उरलेला पाव भाग पाय नुसताच खाली जायचा. मी म्हटलं असेल तसंच. उन्हाळा निघाला. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे आंब्याचा रस काढणाऱ्यांची स्टीलची भांडी, स्टीम जॅकेटच्या कढया दुरुस्तीला येतात, त्या या पेडलवर बऱ्यापैकी झाल्या. पाऊस पडला आणि पेडल पिसाटलं. सकाळी एक, दुपारी दुसरंच.

दुसरं घेतलं त्यात १ के. ते पहिल्या दिवसापासूनच लंगडं. २०० अँपिअरचं मशीन, पेडल जमिनीला टेकवलं तरी ५० च्या वर जाईना. दुकानदार म्हणाला मशीनचा बोर्ड गेलाय. बोर्ड गेला नव्हता.

तिसरं १० के चं, बरोबर जुळणारं. झकास चाललं, ऑक्टोबर ते जून. मग पुन्हा पाऊस, आणि तांडेलाच्या रेलिंगला भोक.

म्हणजे माझे आजार दोन होते आणि मी ते एकच समजत होतो. पहिल्या दोन पेडलांचं पॉट मशीनशी जुळत नव्हतं. तिसऱ्याचं जुळत होतं, पण ते आमच्या हवेत टिकण्यासारखं नव्हतं.

न जुळणं म्हणजे नेमकं काय

हे मला कळलं एका साध्या मापाने. सगळ्यांनी ते करावं असं आहे, फक्त आधी हाय फ्रिक्वेन्सी (एचएफ, आर्क पेटवणारी जास्त व्होल्टेजची ठिणगी) बंद करा. एचएफ चालू असताना रिमोट सॉकेटमध्ये मीटरचे काटे घातलेत तर मीटर जागच्या जागी मरतं, शिवाय हाताला झटका. टॉर्च, म्हणजे वेल्डिंगची मूठ, बाजूला लाकडावर ठेवा, आर्क मारायची नाही, पायाखाली कोरडी फळी किंवा रबराची चटई.

पॅनेलवरचा स्विच रिमोटवर टाका. (हसू नका. 'पेडल चालत नाही' म्हणून ज्या मशीनपाशी मला बोलावलं गेलं त्यातली निम्मी तरी या स्विचवरच अडलेली होती.) पेडल काढून ठेवा आणि सॉकेटच्या पिनांवर डीसी व्होल्ट मोजा. माझ्याकडे शून्य आणि वरची पिन यांच्यामध्ये १५ व्होल्ट मिळाले. मग त्याच दोन पिनांमध्ये एक १० के चा साधा रेझिस्टर अडकवला आणि पुन्हा मोजलं. १०.२ व्होल्ट. पावणेपाच व्होल्ट गेले कुठे? मशीनच्या आतच, त्या १५ व्होल्टच्या वाटेत बसवलेल्या रेझिस्टरवर. त्रैराशिक मांडलं तर तो आतला रेझिस्टर ४.७ के चा निघतो. म्हणजे कंपनीने १० के चं पॉट धरून असा हिशोब केला होता की पेडल पूर्ण दाबल्यावर सुमारे १० व्होल्ट, आणि १० व्होल्ट म्हणजे २०० अँपिअर.

आता १ के चं पॉट लावा. ४.७ के आणि १ के च्या वाटणीत पॉटच्या वाट्याला येतात २.६ व्होल्ट. २०० अँपिअरच्या हिशोबाने ५० च्या आसपास. माझ्या 'लंगड्या' पेडलचं कोडं सुटलं. ४७ के लावा, वरच्या टोकाला १३.६ व्होल्ट येतात. १० व्होल्ट पाऊण वाटेवरच गाठले जातात आणि पुढचा पाव भाग वाया. पहिल्या पेडलचंही सुटलं. मशीनने काही चुकीचं केलं नव्हतं, मी त्याला चुकीच्या मापाचं भांडं दिलं होतं.

तुमच्या मशीनमध्ये आतला रेझिस्टर नसेल, रेफरन्स, म्हणजे पॉटला मिळणारं व्होल्टेज, सरळ पक्का असेल, तर पॉटच्या आकड्याचा एवढा फरक पडणार नाही. म्हणून तर माप घ्यायचं. रेझिस्टर लावल्यावर व्होल्टेज फारसं पडलं नाही तर पॉटच्या निवडीत सवड आहे. पडलं तर मूळ आकड्यालाच चिकटा.

४७ के चं पेडल घरात पडलेलं असेल आणि मशीन १० के मागत असेल तर ते फेकू नका. पॉटच्या दोन टोकांना समांतर १२ के चा रेझिस्टर जोडला की मशीनला ते साडेनऊ के सारखं दिसतं आणि पेडलचा पूर्ण प्रवास कामाला येतो. उलट १ के चं १० के करता येत नाही. ते पॉटच बदलावं लागतं.

आणखी एक फसवणूक म्हणजे पॉटची चाल. आवाजाच्या बटणासाठी लॉग चालीची पॉट विकली जातात, ती पेडलला नकोत. अर्धं दाबल्यावर जेमतेम दहावा हिस्सा आणि मग शेवटी एकदम उडी. आपल्याला सरळ चालीचं, लीनियर लागतं. पॉटवरच्या अक्षरांवर मी भिस्त ठेवत नाही, कारण ए आणि बी चा अर्थ नव्या-जुन्या मालात उलटसुलट असतो. पॉट बरोब्बर मध्यावर फिरवून मीटरने बघायचं. १० के चं पॉट मध्यावर ५ के च्या आसपास दाखवत असेल तर सरळ.

प्लगवर विश्वास ठेवू नका

पाच पिनांची, सहा पिनांची, सात पिनांची, चौदा पिनांची सॉकेटं दिसतात, आणि एकाच आकाराच्या प्लगमध्ये दोन कंपन्या वायरी वेगवेगळ्या पिनांना जोडतात. मिलर या अमेरिकन वेल्डिंग कंपनीच्या चौदा पिनी सॉकेटचं उदाहरण घ्या. त्यात ए आणि बी या पिना जोडल्या की आर्क चालू होते आणि ए वर २४ व्होल्ट एसी असतात. सी वर पॉटसाठी १० व्होल्ट, डी कॉमन म्हणजे शून्य, ई वर वायपर. आणि त्याच सॉकेटमध्ये आय पिनेवर ११५ व्होल्ट एसी सुद्धा. लिंकन या दुसऱ्या कंपनीचंही चौदा पिनी सॉकेट असतं, दिसायला तसंच, आतली मांडणी निराळी. एकाचं पेडल दुसऱ्याला खुपसलंत आणि एसी जाऊन बसली पॉटच्या पिनेवर, तर नुकसान पेडलपुरतं राहत नाही.

म्हणून नवं पेडल सॉकेटमध्ये घालण्याआधी दोन्हीकडची पिन-पिन मोजून कागदावर चित्र काढा. पेडलच्या बाजूला शोधणं सोपं. ज्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स पाय हलवला तरी बदलत नाही ती पॉटची दोन टोकं, आणि या दोघांशी ज्या पिनेचं माप बदलतं तो वायपर. पाय टेकल्यावर ज्या दोन पिनांवर मीटर 'पी' करतं तो स्विच. दाबल्यावर करंट वाढण्याऐवजी कमी होत असेल तर टोकांच्या दोन वायरींची अदलाबदल करा, बाकी काही नाही.

दोष पेडलमध्ये की मशीनमध्ये

यासाठी मी एक टेस्ट प्लग करून ठेवलाय आणि माझ्या मते ते या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात उपयोगी अवजार आहे. मशीनला बसणारा रिकामा प्लग, त्यात १० के चं नवं लीनियर पॉट आणि दाराच्या बेलचं बटण, साबणाच्या डबीत बसवलेलं. केबल नाही, पेडल नाही. करंट उडायला लागला की पेडल काढायचं, ही डबी लावायची, पॉट मध्यावर ठेवून भंगार प्लेटवर आर्क धरायची. करंट स्थिर राहिला तर दोष पेडल किंवा केबलमध्ये. इथेही उडाला तर सॉकेट, आतल्या वायरी किंवा बोर्ड. अँपिअर बघायला क्लँप मीटर डीसी मोजणारं हवं. साधं एसीचं क्लँप मीटर डीसी टिगवर शून्यच दाखवतं आणि माणूस भलत्याच वाटेला लागतो.

लक्षणावरूनही बरंच कळतं. पाय जरासा टेकवला की थेट फुल करंट, याचा अर्थ बहुधा पॉटच्या शून्याकडच्या टोकाची वायर तुटलीय. खालचा आधार गेला की वायपर वरच्या व्होल्टेजला जाऊन चिकटतो. हे सगळ्यात वाईट, कारण समोर एक मिलीमीटरचा पत्रा असतो. उलट कितीही दाबा, आर्क किमान करंटवरच रांगतेय, तर वरच्या टोकाची वायर बघा. पेडल हलवण्याने काहीच फरक पडत नसेल तर वायपर सुटला. पेडल एका ठरावीक जागी आलं की आर्क लचकते आणि पुढे ठीक होते, तर पॉटचा ट्रॅक त्या जागी खरवडलाय. हे काट्याच्या मीटरवर फार छान दिसतं. पेडल सावकाश दाबत जा, काटा एका जागी दचकतो. डिजिटलवर आकडे नुसते भिरभिरतात आणि दचका निसटतो.

आणि एक लक्षण फक्त आपल्या किनाऱ्यावरचं म्हणावं असं. सकाळी शटर उघडल्यावर सगळं सात-आठ अँपिअर चढं, दुपारी ऊन पडलं की जागेवर. पेडल उघडून बघावं तर काही तुटलेलं नाही, मीटर म्हणतं सगळं ठीक. मी यात दोन दिवस घालवले. शेवटी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणून प्लगवर पाच मिनिटं धरला, आणि आजार पळाला. प्लगच्या पिनांमध्ये खाऱ्या ओलाव्याचा थर बसला होता आणि वरच्या टोकाकडून वायपरकडे चोरवाट झाली होती. रात्री खाडीवरून येणारी दमट हवा, तिच्यातलं मीठ, आणि उघडा प्लग.

मजा बघा. ही चोरवाट समजा २० के ची असेल आणि पेडल अर्ध्यावर, तर १० के च्या पॉटला सात-साडेसात अँपिअरचा फरक पडतो. तीच चोरवाट ४७ के च्या पॉटला चाळीस-पंचेचाळीस अँपिअरने चढवते, कारण पॉट जितकं मोठं तितका त्याचा वायपर दुबळा, कुणीही ओढून न्यावा असा. माझं पहिलं पेडल पावसात एवढं का पिसाटलं ते इथे उमगलं. तेव्हा मशीन दोन आकडे चालवून घेत असेल तर समुद्राजवळच्या माणसाने लहान आकड्याचं पॉट घ्यावं.

मग घ्यायचं कोणतं

आधी हे ठरवा की तुम्ही वेल्डिंग करता कुठे बसून.

टेबलावर, स्टुलावर बसून काम असेल तर पेडलसारखं सुख नाही. विशेषतः अॅल्युमिनियमला. सुरुवातीला जोर, धातू तापत गेला की पाय मागे, आणि शेवटी खड्डा भरत भरत हळूच सोडायचं. एकदम सोडलंत तर त्या शेवटच्या खड्ड्यात चांदणीसारखी भेग पडते. पेडल घेताना आत उघडून बघायला मागा. पॉट फिरवणारी यंत्रणा दात्यांची आहे की दोरी-साखळीची, आणि पेडल वरपासून खालपर्यंत जाताना पॉट पूर्ण फिरतं का. काही स्वस्त पेडलांमध्ये पॉट दोन-तृतीयांशच फिरतं, मग एक तर खाली शून्य येत नाही नाही तर वर पूर्ण येत नाही. तळ जड असावा. आमच्या शहाबादी फरशीवर हलकं पेडल पायाखालून मांजरासारखं पळतं.

पण माझं निम्मं काम बोटीवर. शिडीवर उभा, एक हात रेलिंगला, किंवा मासळीच्या खणात कोपरावर आडवा. तिथे पाय ठेवणार कुठे? त्यासाठी टॉर्चच्या मुठीला बांधायचं बोटाचं कंट्रोल. यात दोन प्रकार मिळतात, सरकपट्टीचं आणि गोल चाकाचं. सरकपट्टीला लांब उघडी फट असते आणि त्या फटीतून ग्राइंडिंगची भुकटी आणि मीठ सरळ ट्रॅकवर. चाकाचं जास्त टिकतं असा माझा अनुभव. चाकाची सवय व्हायला आठवडा लागतो, पहिले दोन दिवस हात थरथरतो, मग विसरायला होतं.

आणि खरं सांगायचं तर काही जणांना रिमोट अँपिअर कंट्रोल लागतच नाही. एकाच जाडीच्या पाइपाचं रेलिंग दिवसभर जोडणाऱ्याला टॉर्चवरचा साधा स्विच आणि मशीनमधला डाउनस्लोप (शेवटी करंट आपोआप हळूहळू उतरवणारी सोय) पुरतो. मशीनला डाउनस्लोप नसेल तेव्हाच पुढचा खर्च.

वायरलेसच्या वाटेला मी गेलो नाही. जुन्या मशीनला त्याचा रिसीव्हर शेवटी याच पाच वायरींना जोडावा लागतो, म्हणजे जुळवाजुळव चुकत नाहीच, वर बॅटरी सांभाळा.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बऱ्याच मशीनवर रिमोट लावल्यावर पॅनेलचा नॉब कमाल मर्यादा ठरवतो. पॅनेल ८० वर असेल तर पेडलचा पूर्ण प्रवास शून्य ते ८० मध्ये वाटला जातो. पातळ कामाला हे वरदान आहे, पाय दोन बोटं हलला तरी आठ-दहाच अँपिअर बदलतात. तुमचं मशीन असं करतं का ते आधी बघून घ्या, नाही तर 'नवं पेडल कमी करंट देतंय' म्हणून परत करायला जाल. आमच्या इथून परत करायला जायचं म्हणजे अख्खा दिवस.

आमच्या हवेत टिकवायचं कसं

तिसऱ्या पेडलचं जुनं कार्बन पॉट फोडून बघितलं तर ट्रॅकवर पांढरट पूड आणि वायपरच्या पितळी पायावर हिरवा गंज. फवारा मारून पुसलं, पंधरा दिवस चाललं, पुन्हा तेच. उघड्या पॉटवर फवारा म्हणजे फुटक्या कौलाखाली बादली.

त्या जागी मी बंद बॉडीचं, सर्मेट (चिनी माती आणि धातूचं मिश्रण) ट्रॅकचं, दांड्याला रबरी सील असलेलं पॉट बसवलं, १० के, लीनियर, दोन वॅट. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळालं. साध्या पॉटच्या कितीतरी पट महाग, पण पेडलच्या मानाने काहीच नाही. हॉल सेन्सरवाली पेडलंही येतात, चुंबकाने चालणारी, घासणारा भागच नाही. कल्पना उत्तम, पण त्यांना बहुतेक वेळा ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि निरोप साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंतच येतो. १० व्होल्ट मागणाऱ्या जुन्या मशीनला मधे एक छोटा सर्किट बोर्ड करून द्यावा लागेल. इलेक्ट्रॉनिक्सचा हात असेल तर जरूर करा.

केबल बदलली. कथिल चढवलेल्या तांब्याची, जाळीवाली. जाळी फक्त मशीनच्या बाजूला बॉडीला जोडली, पेडलकडे मोकळी सोडून टेप मारली. एचएफचा त्रास याने निम्मा झाला, उरलेला निम्मा पेडलची केबल टॉर्चच्या केबलपासून हातभर लांब टाकल्यावर गेला. दोन्ही एकत्र गुंडाळून खुंटीला टांगायची आमची जुनी सवय होती, ती मोडली.

प्लगच्या मागची बाजू सिलिकॉनने भरली. इथे सांभाळा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. मी आधी तेच भरलं होतं आणि महिन्याभरात सोल्डर केलेले टाके हिरवे. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, त्याला तो वास नसतो. वायर पेडलमध्ये शिरते तिथे खाली झोळ देऊन मग वर, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून आत न जाता झोळावरून टपकतं. पन्हळीची अक्कल, दुसरं काय. आणि पेडलच्या तळाला चार मिलीमीटरचं एक भोक. आत पाणी शिरणार नाही अशी हमी कोकणात कुणी देऊ नये. शिरलेलं बाहेर पडायला वाट ठेवावी.

रात्री पेडल, टेस्ट प्लग आणि टंगस्टनची डबी एका पत्र्याच्या पेटीत जातात. पेटीत १५ वॅटचा पिवळा बल्ब चालू. घरोघरी कपाटात बुरशी येऊ नये म्हणून लावतात तसाच. मुलाने वीज वाचवायला एलईडी लावून बघितला, त्याने उजेड पडला, ऊब काही आली नाही.

तांडेलाचं रेलिंग नव्या पाइपावर पुन्हा केलं, माझ्या खर्चाने, आणि ते नारळी पौर्णिमेच्या आधी बोटीवर चढलं. त्यानंतर दोन पावसाळे गेले, तेच पॉट चालू आहे. यंदा मात्र जुलैत एकदा सकाळी पुन्हा आर्क चढी वाटली. पेडल उलटं केलं तर तळाचं भोक रबरी बुचाने नीट बंद. हेल्परला वाटलं होतं, बूच कुठेतरी पडलं असणार, म्हणून त्याने शोधून बसवलं. बूच काढल्यावर चहाचा चमचाभर पाणी निघालं.